सोव्हिएत रेंजफाइंडर कॅमेरे आणि फ्लॅश : एका जुन्या जोडीचा आढावा

फेद, झोर्की आणि कीव या नावांचे, ३५ मिलिमीटर फिल्मवर चालणारे सोव्हिएत कॅमेरे आजही वापरात आहेत, आणि त्यांच्यावर फ्लॅश चालतो का, या प्रश्नाला ठरावीक उत्तर मिळते : चालतो, पण सेकंदाच्या तिसाव्या भागावर. हे उत्तर चुकीचे नाही, परंतु ते ऐकणाऱ्याला फारसे पुढे नेत नाही. शटर तिसाव्या भागावरच का अडते, कोणत्या मॉडेलला फ्लॅशची जोडणी मुळातच नाही, आजची फ्लॅशगन त्या जुन्या संपर्कांना झेपेल का, आणि ज्या प्रदेशात छायाचित्रे घ्यायची तिथल्या उजेडात ही मर्यादा किती जाचते, या साऱ्यांचा विचार एकत्र केल्याशिवाय निर्णय करता येत नाही. यवतमाळ जिल्ह्यातला उजेड या विचारासाठी चांगली कसोटी ठरतो, कारण तिथे मे महिन्यातले डोळे दिपवणारे ऊन आणि कौलारू घराच्या माजघरातला अंधार ही दोन्ही टोके एकाच अंगणाच्या अंतरावर असतात.

रेंजफाइंडर म्हणजे अंतरमापक असलेला कॅमेरा. यात छायाचित्रकार लेन्समधून पाहत नाही, तर लेन्सशेजारच्या स्वतंत्र खिडकीतून पाहतो, आणि त्या खिडकीत दिसणाऱ्या दोन प्रतिमा एकमेकींवर नेमक्या बसल्या की लेन्स त्या अंतरावर केंद्रित झाली असे समजतो. सोव्हिएत संघातला हा वंश खारकीव्हमध्ये सुरू झाला. निराधार मुलांसाठी उभारलेल्या आणि शिक्षणतज्ज्ञ अंतोन माकारेंको यांनी चालवलेल्या झेर्झिन्स्की श्रमवसाहतीत १९३४ पासून लायका-२ या जर्मन कॅमेऱ्याच्या धर्तीवर कॅमेरे नियमित तयार होऊ लागले, आणि फेलिक्स एडमुंडोविच झेर्झिन्स्की यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून त्यांना फेद हे नाव मिळाले. दुसऱ्या महायुद्धानंतर मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्क कारखान्याने १९४८ पासून त्याच वळणाचा झोर्की काढला. कीवच्या आर्सेनल कारखान्यात मात्र वेगळीच परंपरा रुजली. युद्धभरपाई म्हणून जर्मनीतून आणलेली कॉन्टॅक्स कॅमेऱ्याची यंत्रसामग्री आणि सुटे भाग यांच्या आधारे तिथे १९४७ च्या सुमारास कीव कॅमेरा जन्माला आला. हा भेद केवळ इतिहासाचा नाही. फ्लॅशच्या बाबतीत लायका-वंश आणि कॉन्टॅक्स-वंश यांचे वागणे वेगळे का, याचे मूळ तिथेच आहे.

भारतात हे कॅमेरे पोहोचण्यामागे १९५३ च्या भारत-सोव्हिएत व्यापार कराराने खुली केलेली रुपयातली देवघेव होती. परकीय चलनाच्या टंचाईच्या काळात जपानी किंवा जर्मन कॅमेरा बहुतेकांच्या आवाक्याबाहेर असताना सोव्हिएत यंत्रे, पुस्तके आणि कॅमेरे तुलनेने स्वस्तात मिळू शकत. त्या मालाचा बराचसा भाग आज कपाटांत आणि जुन्या बाजारांत पडून आहे, आणि फिल्मकडे पुन्हा वळलेली तरुण मंडळी तो उचलू लागली आहेत. म्हणूनच हा प्रश्न नव्याने महत्त्वाचा झाला आहे.

मूळ अडचण शटरची. फेद आणि झोर्की यांच्यात फिल्मच्या अगदी पुढे रबर चढवलेल्या कापडाचे दोन पडदे असतात. बटण दाबले की पहिला पडदा आडवा सरकत फिल्म उघडी करतो आणि ठरलेल्या वेळाने दुसरा पडदा त्याच दिशेने येऊन ती झाकतो. पडद्याला पूर्ण फ्रेम ओलांडायला लागणारा वेळ १/३० सेकंदाहून थोडाच कमी असतो, त्यामुळे १/३० किंवा त्याहून मंद वेगावर असा एक क्षण येतो की पहिला पडदा पूर्ण सरकलेला आणि दुसरा अजून निघायचा असतो, म्हणजे सारी फ्रेम एकाच वेळी उघडी असते. त्याहून जलद वेगावर असा क्षण येतच नाही, कारण पहिला पडदा शेवटाला पोहोचण्याआधीच दुसरा निघतो आणि फिल्मवरून केवळ एक फट सरकत जाते. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशचा झोत सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका किंवा त्याहूनही अल्प असल्याने तो त्या क्षणी फट जिथे असेल तेवढाच पट्टा उजळतो आणि उरलेला भाग काळा राहतो. कीवमध्ये पडदे कापडाचे नसून रेशमी फितींना बांधलेल्या धातूच्या पट्ट्यांचे असतात आणि ते आडवे न जाता उभे सरकतात, तरी तिथेही जुळणीचा वेग १/२५ किंवा १/३० इतकाच ठेवावा लागतो. काळा पट्टा आलाच तर झोर्कीवर तो फ्रेमच्या डाव्या-उजव्या बाजूला दिसतो आणि कीववर वर किंवा खाली. निगेटिव्ह पाहून दोष कोणत्या कॅमेऱ्याचा हे त्यावरून ओळखता येते.

फ्लॅश आणि शटर यांची वेळ जुळवण्याला छायाचित्रकार सिंक म्हणतात. पहिल्या पिढीतल्या फेद-१ आणि झोर्की-१ यांना सिंकची सोय नाही, आणि त्यांच्यावरची फ्लॅश बसवण्याची खाच, म्हणजे शू, केवळ वस्तू धरून ठेवते. त्यात विजेचा संपर्क नसतो. १९५० च्या दशकाच्या मध्यापासून झोर्की-एस, फेद-२ ची सुधारित आवृत्ती, झोर्की-४ आणि कीवच्या ए-मालिकेतली मॉडेले यांवर पीसी सॉकेट, म्हणजे फ्लॅशची वायर जोडण्याचे लहानसे गोल छिद्र, आले. झोर्की-४ हा १९५६ ते १९७३ या काळात सुमारे १७ लाख इतक्या संख्येने तयार झाला, आणि आज हाती लागणाऱ्या सोव्हिएत रेंजफाइंडरमध्ये त्याचे प्रमाण मोठे असण्याचे कारण हेच आहे.

झोर्की-एस आणि सुरुवातीच्या झोर्की-४ वर वेगाच्या चकतीखाली एक कडे असते आणि त्यावर ० पासून २५ पर्यंतचे आकडे कोरलेले असतात. नव्या वापरणाऱ्यांचा गोंधळ इथेच सर्वांत जास्त होतो. ते आकडे मिलिसेकंदांचे, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागांचे आहेत. हे कॅमेरे घडले त्या काळात फ्लॅश म्हणजे प्रामुख्याने एकदाच वापरायचा बल्ब असे, ज्यात प्राणवायूत धातूची बारीक तार किंवा पत्रा जळून प्रकाश पडे, आणि त्या ज्वलनाला पूर्ण तेज येण्यास साधारण २० मिलिसेकंद लागत. म्हणून बल्ब पेटवण्याची ठिणगी शटर उघडण्याच्या आधीच देणे भाग होते, आणि किती आधी, ते या कड्यावर ठरवता येई. आजचा इलेक्ट्रॉनिक फ्लॅश तात्काळ पेटतो, त्यामुळे कडे शून्यावरच हवे. ते चुकून २० वर राहिले तर झोत पडदा उघडण्याआधीच विझतो, फ्लॅश चमकल्याचे डोळ्यांना दिसते आणि फिल्म मात्र कोरी राहते. पुढच्या मॉडेलांत हे कडे गेले आणि केवळ इलेक्ट्रॉनिक फ्लॅशसाठीची एक्स-जुळणी उरली. तो बदल स्वागतार्हच म्हटला पाहिजे.

सिंक नसलेल्या कॅमेऱ्यावरही एक जुनी रीत चालते. कॅमेरा तिपाईवर ठेवून शटर बी-वेगावर, म्हणजे बटण दाबलेले असेपर्यंत उघडे, ठेवायचे, फ्लॅश हाताने पेटवायचा आणि शटर बंद करायचे. पूर्ण अंधार आणि न हलणारा विषय एवढ्याच अटींवर ही ओपन फ्लॅश पद्धत उत्तम साधते, आणि फेद-१ वापरणाऱ्याला तीच एकमेव वाट आहे.

वेग निवडण्यासंबंधी एक इशारा फ्लॅशच्या निमित्ताने पुन्हा द्यावा लागतो. या कॅमेऱ्यांत फिल्म पुढे सरकवून शटर ताणल्यानंतरच वेगाची चकती फिरवायची असते. न ताणता ती फिरवली तर चकतीवरची खूण खोटा वेग दाखवते आणि मंद वेगांची यंत्रणा असलेल्या फेद-३ किंवा झोर्की-४ सारख्या मॉडेलांत आतले भाग बिघडू शकतात. फ्लॅश वापरणारा उन्हातून घरात शिरताना वेग वारंवार बदलतो, म्हणून हा धोका त्याला अधिक आहे.

विजेच्या दाबाचा मुद्दा याहून गंभीर आहे. जुन्या फ्लॅशगनच्या वायरीच्या टोकाशी २०० व्होल्टहूनही अधिक दाब असू शकतो. विविटार-२८३ या गाजलेल्या फ्लॅशच्या आरंभीच्या नगांत तो तसाच उच्च आढळतो. यांत्रिक कॅमेऱ्यात इलेक्ट्रॉनिक भाग नसल्याने तो लगेच जळत नाही, पण संपर्काच्या पत्र्यांवर ठिणग्या पडून ते काळवंडतात, आणि आतले विद्युतरोधक जीर्ण झाले असल्यास धातूच्या कॅमेऱ्याला हात लावणाऱ्याला झटका बसतो. वर्षानुवर्षे न वापरलेल्या फ्लॅशमधला कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा भाग, आणखी एक जोखीम आहे. तो शेकडो व्होल्ट धरून ठेवतो आणि सेल काढल्यावरही काही काळ भरलेलाच राहतो. असे यंत्र घरी स्क्रूड्रायव्हरने उघडण्याचा प्रयोग कोणीही करू नये. या साऱ्यावर सोपा उपाय म्हणजे कमी दाबाची आजची फ्लॅशगन घेणे आणि शूपासून पीसी वायर काढून देणारा जोडतुकडा वापरणे, किंवा रेडिओ ट्रिगरचा प्रेषक कॅमेऱ्याला जोडून फ्लॅश दूर ठेवणे.

फ्लॅश बसवायचा कुठे, हा व्यवहारातला प्रश्न आहे. शू लेन्सच्या जवळपास डोक्यावरच असल्याने प्रकाश समोरून सपाट पडतो आणि डोळ्यांत लाल ठिपके येतात. शिवाय ज्युपिटर-१२ सारखी ३५ मिलिमीटरची रुंद कोनाची लेन्स लावली तर तिचा स्वतंत्र व्ह्यूफाइंडर त्याच शूवर बसतो आणि फ्लॅशला जागा उरत नाही. बाजूला धरणारा ब्रॅकेट हा यावर तोडगा, परंतु सोव्हिएत कॅमेऱ्यांच्या तळाशी असलेला तिपाईचा आटा जुन्या नगांत ३/८ इंचाचा आणि नंतरच्यांत १/४ इंचाचा असल्याने मध्ये पितळी बुश घालावी लागते.

प्रकाशमापनाची भीती मात्र अनाठायी आहे. फ्लॅशच्या ताकदीला गाइड नंबर म्हणतात. तो नंबर विषयाच्या अंतराने भागला की लेन्सचे छिद्र मिळते. १०० आयएसओच्या फिल्मला २४ गाइड नंबर असलेला फ्लॅश घेतला तर ३ मीटरवरच्या माणसासाठी एफ/८ आणि ६ मीटरवरच्यासाठी एफ/४, एवढा हिशेब तोंडी होतो. ४०० आयएसओची फिल्म घातली की गाइड नंबर दुप्पट होतो. लेन्समधून प्रकाश मोजणारे आधुनिक टीटीएल तंत्र इथे निरुपयोगी आहे, पण ज्या फ्लॅशच्या स्वतःच्या अंगावर संवेदक असतो आणि जो परत आलेला प्रकाश मोजून आपणच विझतो, असा ऑटो फ्लॅश कोणत्याही कॅमेऱ्यावर तितक्याच विश्वासाने चालतो. सोव्हिएत रेंजफाइंडरला तोच सर्वांत योग्य सोबती आहे.

या जोडीचा खरा फायदा फारसा सांगितला जात नाही. रेंजफाइंडर अंधारात लंगडा पडतो, कारण प्रतिमा जुळवण्याचा तो छोटा ठिपका मंद उजेडात दिसेनासा होतो. फ्लॅश लावला की छिद्र लहान ठेवता येते आणि लहान छिद्राने सुस्पष्टतेची खोली वाढते. ५० मिलिमीटरची ज्युपिटर-८ लेन्स एफ/८ वर आणि ३ मीटरवर ठेवली तर साधारण २.३ ते ४.२ मीटरपर्यंतचे सारे स्पष्ट येते, म्हणजे माजघरातल्या बहुतेक माणसांसाठी ठिपका पाहण्याची गरजच उरत नाही. दुसरा फायदा पाहण्याचा आहे. रिफ्लेक्स कॅमेऱ्यात चित्र टिपताना आरसा वर जातो आणि नेमक्या त्या क्षणी डोळ्यांपुढे अंधार होतो. रेंजफाइंडरची खिडकी उघडीच राहते, त्यामुळे फ्लॅशच्या उजेडात समोरच्याने डोळे मिटले की नाही हे छायाचित्रकाराला तत्क्षणी दिसते आणि दुसरी फ्रेम घ्यायची की नाही ते ठरवता येते. रोलमध्ये ३६ फ्रेम असताना ही सोय मोठी आहे.

आता उजेडाकडे. यवतमाळ, दारव्हा, पुसद किंवा वणी परिसरातल्या जुन्या घरांत मातीच्या, शेणामातीने सारवलेल्या भिंती आणि वर कौले असतात. छतावर फ्लॅश उडवून मऊ प्रकाश मिळवण्याची शहरी युक्ती इथे चालत नाही, कारण काळवंडलेली कौले प्रकाश परत देतच नाहीत आणि तपकिरी भिंत जो थोडाफार देते त्यालाही मातीचा रंग चढतो. चुन्याने पांढरी केलेली एखादी भिंत किंवा विषयाच्या बाजूला धरलेले पांढरे धोतर याहून अधिक उपयोगी पडते. रात्रीच्या मांडवात तर कसलीच भिंत नसते, त्यामुळे फ्लॅशवर छापलेला गाइड नंबर तिथे खोटा ठरतो आणि छिद्र एक टप्पा, म्हणजे दुप्पट प्रकाश येईल इतके, अधिक उघडावे लागते. पंगतीचे चित्र घेताना प्रकाश अंतराच्या वर्गाने घटतो हे विसरून चालत नाही. २ मीटरवरचा जेवणारा योग्य उजळला तर ४ मीटरवरच्याला चौथाच हिस्सा प्रकाश मिळतो. म्हणून पंगतीच्या टोकाशी न उभे राहता तिच्या मध्यासमोर, थोडे मागे आणि उंचावर उभे राहणे शहाणपणाचे.

मंद जुळणीचा जाच घरात बहुधा होत नाही. साध्या दिव्याच्या खोलीत १०० आयएसओच्या फिल्मवर १/३० आणि एफ/४ ठेवल्यास दिव्याचा उजेड योग्य मात्रेहून सुमारे चार टप्पे कमी पडतो, त्यामुळे फिल्मवर केवळ फ्लॅशच उमटतो आणि हालचाल गोठते. फिल्म ४०० आयएसओची असली तर तोच फरक दोन टप्प्यांवर येतो आणि हलणाऱ्या हाताभोवती फिकट सावली उमटू लागते. दिवाळीच्या दिवसांत आदिवासी पाड्यांवर रात्री रंगणारे दंडार नृत्य टिपताना हीच सावली हवीशी वाटू शकते. मात्र या कॅमेऱ्यांत फ्लॅश पहिला पडदा उघडताच पेटतो आणि उरलेला वेळ तिथल्या दिव्यांचा प्रकाश नोंदत राहतो, म्हणून हालचालीची रेघ नाचणाऱ्याच्या मागे न राहता त्याच्या पुढे पडते. हे उलटे चित्र टाळायचे तर नाचणारा थबकतो तो क्षण धरावा.

पुसद, दिग्रस, दारव्हा या भागांतल्या बंजारा तांड्यांवर वेगळी काळजी घ्यावी लागते. बंजारा स्त्रियांच्या पारंपरिक फेटिया, म्हणजे घागरा, आणि कांचळी, म्हणजे चोळी, यांवर आरसे जडवलेले असतात आणि अंगावर धातूचे दागिने असतात. समोरून मारलेला फ्लॅश त्या आरशांतून सरळ लेन्समध्ये परततो आणि भरतकामाच्या जागी पांढरे ठिपके उरतात. ज्या कारागिरीसाठी चित्र घ्यायचे तीच अशाने हरवते. फ्लॅश ब्रॅकेटवर किंवा लांब वायरीने निदान हातभर बाजूला नेला तर परतणारा झोत लेन्स चुकवतो. ही गोष्ट तंत्राइतकीच आदराचीही आहे.

उन्हात मात्र या कॅमेऱ्यांची मर्यादा टळत नाही. पोळ्याच्या दिवशी बैलांसोबत उभ्या शेतकऱ्याच्या टोपीखालची सावली भरून काढण्यासाठी फ्लॅश हवा असतो, पण भर उन्हात १०० आयएसओच्या फिल्मला १/३० वेगावर जवळजवळ एफ/३२ छिद्र लागेल, आणि इंडस्टार-६१ लेन्स एफ/१६ वर, तर ज्युपिटर-८ एफ/२२ वर संपते. चित्र पांढरेफटक पडते. प्रकाश घटवणारा करडा एनडी फिल्टर लावला तर फ्लॅशही तेवढाच दुबळा होतो. कडुनिंबाच्या सावलीत उजेड तीन-चार टप्प्यांनी उतरतो आणि तिथे हीच जोडी एफ/८ ते एफ/११ वर पुन्हा उपयोगी पडते. म्हणून माणसाला उन्हातून सावलीत आणणे हाच प्रामाणिक उपाय आहे.

काही ठिकाणी फ्लॅश मुळातच नको. अजिंठ्याच्या चित्रांकित लेण्यांत त्याला बंदी आहे, आणि जंगलात प्राण्यांवर तो झोकणे कोणत्याही कॅमेऱ्याने अयोग्यच आहे.

शेवटचा आणि निर्णायक मुद्दा शटरच्या प्रकृतीचा. विदर्भातल्या उन्हाळ्यात बंद पेटीतले तापमान फार चढते, रबरी कापड कडक होते, तेल पातळ होऊन नको त्या जागी झिरपते आणि पावसाळ्यात लेन्सवर बुरशी धरते. पडदा मंदावला की १/३० वरही फ्रेम एकाच वेळी पूर्ण उघडत नाही, आणि जुळणीचा कारखान्यात ठरवलेला हिशेब कोलमडतो. याची तपासणी फिल्मशिवाय होते. झोर्की-४, फेद-२, फेद-३ आणि कीव यांचे मागचे झाकण निघते. ते काढून, लेन्स उतरवून, शटर ताणून आणि वेग १/३० वर ठेवून पांढऱ्या भिंतीकडे फ्लॅश पेटवावा आणि मागून पाहावे. संपूर्ण आयत उजळलेला दिसला तर कॅमेरा फ्लॅशला योग्य. कडेला काळी पट्टी दिसली तर १/१५ सारख्या मंद वेगावर पुन्हा पाहावे. तिथे पट्टी गेली तर पडद्याची डागडुजी बाकी आहे, न गेल्यास संपर्काची वेळ चुकली आहे. फेद-२ ला हे मंद वेग नाहीत, म्हणून त्याच्याबाबतीत निर्णय १/३० वर किंवा जुन्या नगात १/२५ वरच करावा लागतो.

पहिलाच सोव्हिएत रेंजफाइंडर फ्लॅशसाठी घेणाऱ्याने झोर्की-४ किंवा फेद-३ निवडावा. उत्तम लेन्स असूनही कीव दुसऱ्या क्रमांकावर ठेवावा, कारण त्याचे उभे धातूचे शटर दुरुस्त करणारा जाणकार मिळणे अवघड आहे. फेद-१ केवळ तिपाई आणि अंधार यांच्या सोबतीने घ्यावा. फ्लॅश कमी दाबाचा आणि ऑटो असावा, आणि रोल घालण्याआधी रिकाम्या कॅमेऱ्यावर पांढऱ्या भिंतीची तपासणी प्रत्येकाने करून घ्यावी.